हरला की घरी

तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय. पुढच्या उन्हाळ्यात चाळिशीपुढच्यांची फुटबॉल स्पर्धा साखळी पद्धतीनं घ्यायची, म्हणजे गटातल्या प्रत्येकाशी खेळून गुण मोजायचे, का आहे तशी बाद पद्धतीनंच ठेवायची, हरला की घरी. साखळीवाल्यांचं म्हणणं असं की संघ प्रवेश फी भरतो, जर्सी छापतो, महिनाभर पहाटे उठून पळतो आणि पहिल्याच रविवारी पन्नास मिनिटांत सगळं खल्लास. निदान दोन-तीन मॅच तरी मिळायला नकोत का? मी बादच्या बाजूचा. ग्रुपवर लिहायला घेतलं की मधेच कुणीतरी शुभ सकाळचं फूल टाकतंय आणि मुद्दा वर निघून जातोय, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

कोल्हापूरबाहेरच्यांना थोडं सांगायला पाहिजे. आमच्याकडं फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालमींची नावं, आणि शाहू स्टेडियमवर दर हंगामात उतरणाऱ्या संघांचीही तीच. हंगामाची सुरुवात केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, साखळीनं होते आणि मग उन्हाळ्यापर्यंत एकामागोमाग एक चषक चालतात, बहुतेक बाद पद्धतीचे. दुपारी गॅलरी भरते, हलगी वाजते, आणि संध्याकाळी कुठल्या पेठेत फटाके उडतायत त्यावरून निकाल कळतो. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला त्यात खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. पण तिशी उलटली की तालमीच्या मुख्य संघात जागा राहत नाही. मग माणूस पोरांच्या मॅचला गॅलरीत बसून शिव्या घालतो, आणि चाळिशी झाली की आमच्यासारखा परत बूट शोधतो.

आमची स्पर्धा लहान आहे. पेठेतल्याच काही जुन्या खेळाडूंनी चालू केली. मुख्य हंगाम संपला की एप्रिल-मेमधले रविवार, शाळेचं मैदान, सकाळी साडेसहा ते साडेनऊ. त्यापुढं ऊन आणि आमची वयं दोन्ही परवडत नाहीत. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन हाफ, घसरून टॅकल बंद, जादा वेळ नाही, बरोबरी झाली की थेट टायब्रेकर, म्हणजे दोन्हीकडून पाच-पाच पेनल्टी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर. बाहेर गेलेला दम खाऊन परत येऊ शकतो. ही आमच्या पेठेची टूम नाही बरं का. फुटबॉलचे नियम ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिच्या नियमपुस्तकातच लहान मुलं, ज्येष्ठ, दिव्यांग आणि हौशी खेळाडूंसाठी वेळ कमी करायची, मैदान छोटं करायचं, बदललेला खेळाडू परत आत घ्यायची मुभा आहे. जुन्या पुस्तकात तर ज्येष्ठ म्हणजे पस्तिशीपुढचा असं स्पष्ट छापलेलं असायचं. म्हणजे आम्ही कायद्यानंसुद्धा म्हातारे.

आता वय. तुम्हाला वाटेल यात काय अवघड, आधार कार्ड बघायचं. पण नोंदणीच्या दिवशी तालमीच्या कट्ट्यावर जो गोंधळ असतो तो मॅचपेक्षा बघण्यासारखा. कागदावर आमच्यातले निम्मे लोक १ जूनला जन्मलेत. शाळा जूनमध्ये उघडायची, आईबापाला तारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी हजेरीपटावर १ जून टाकून मोकळे. शिवाय त्या काळी चौदा वर्षांखालच्या, सोळा वर्षांखालच्या स्पर्धा असायच्या. पोरगं बारीक चणीचं असलं की दाखल्यावर वय एक-दोन वर्षं कमी लागायचं आणि सगळे खूश व्हायचे. ते कमी केलेलं वय आता भोवतंय. गेल्या वेळी एक भारी लेफ्ट विंगर आला. कागदावर १ जून १९८६, म्हणजे चाळिशी अजून पुरी नाही. त्याची आई सोबत आली होती. म्हणाली, “इंदिरा गांधी गेल्या तवा ह्यो माझ्या मांडीवर हुता. मग ८६ ला कसा जन्मंल?” हिशेब बिनचूक होता. पण कमिटीनं कागदच धरला. धरावाच लागतो, नाहीतर प्रत्येक संघ आई घेऊन येईल. लहानपणी त्याच कागदावर त्यानं किती ट्रॉफ्या मारल्या असतील देव जाणे.

मुद्द्यावर येतो. गेल्या स्पर्धेत तेरा संघ होते. बाद पद्धतीत गणित सोपं असतं. दर मॅचला एक संघ घरी जातो, शेवटी एकच उरायला पाहिजे, म्हणजे तेरा संघांच्या बारा मॅच. सोळाचा तक्ता धरायचा, तीन संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे न खेळताच दुसरी फेरी, बाकीच्या दहा जणांच्या पाच मॅच. चिठ्ठ्या शाळेच्या शिपाईमामांच्या नातीनं काढल्या. साखळीवाले म्हणतात चार गट करा. एका गटात चार, बाकी तिघांत तीन-तीन. गटातल्याच पंधरा मॅच होतात, वर उपांत्यपूर्व फेरीपासून सात, एकूण बावीस. सकाळच्या त्या तीन तासांत तीनच मॅच बसतात. बावीस मॅच म्हणजे आठ रविवार. एप्रिलात सुरुवात केली तर मे संपेपर्यंत कसंबसं पुरतं, तेही वळीव आडवा आला नाही तर. आणि लग्नसराई? गेल्या वेळी उपांत्यपूर्व फेरीत आमचा सेंटर हाफ पुतणीच्या हळदीला होता आणि हाफ टाइमला कपाळावर हळद घेऊन आला. आठ रविवार कोण देणार सांगा.

पण मॅच किती आणि रविवार किती हा खरा मुद्दा नाही. खरा मुद्दा पायांचा आहे. विसाव्या वर्षी पाय दुखला तर दोन दिवसांत सुटायचा. आता मंगळवारपर्यंत जिना उतरताना कठडा लागतो. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, दिवसभर उभ्यानं काम. मॅचनंतरच्या सोमवारी माझा कामगार मला स्टूल आणून देतो आणि काही बोलत नाही. आमच्यात पहिला बळी पोटरीचा जातो, दुसरा मांडीच्या मागच्या स्नायूचा. फिफाचा ‘११+’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आहे, पोरांच्या दुखापती त्यानं कमी होतात हे सिद्ध झालंय. आमच्यातल्या एकानं तो मोबाइलवर लावून सगळ्यांकडून करून घेतला. पण जर्मनीत ज्येष्ठ हौशी खेळाडूंवरही तो तपासून पाहिलाय, आणि आठवड्यातून एकदाच सराव करणाऱ्यांना त्याचा म्हणावा तसा फायदा दिसला नाही. हे आम्ही त्याला सांगितलेलं नाही, बिचारा मनापासून करतो. सांगायचं एवढंच की आठ रविवारांत प्रत्येक संघाचे चार-पाच जण बाकावर बसणार आणि गटातली शेवटची मॅच होईपर्यंत अकरा जण जमवणं मुश्कील. त्यात जो संघ आधीच बाहेर गेलाय तो शेवटच्या मॅचला येणारच नाही. हे मी दुसऱ्या पेठेतल्या एका साखळी स्पर्धेत डोळ्यांनी बघितलंय. समोरचा संघ आलाच नाही, आलेल्यांना तीन गुण फुकट, आणि तिसराच संघ गोलफरकावर घरी. त्यापेक्षा हरून घरी गेलेलं बरं.

पहिली मॅच आम्ही २-० नं मारली. सांगण्यासारखं काही नाही, समोरच्यांचा गोली चष्मा विसरून आला होता.

उपांत्यपूर्व फेरीत समोर माझा सख्खा मेव्हणा. तो त्यांचा लेफ्ट हाफ, मी आमचा राइट बॅक, म्हणजे पन्नास मिनिटं आम्ही एकमेकांच्या अंगावर. तरुणपणी शाहू स्टेडियमवर याच माणसानं मला कोपर मारलं होतं, तेव्हा त्याची बहीण माझी कुणी नव्हती. आता प्रत्येक वेळी बॉल काढून घेताना “दाजी, पाय जपा हं” म्हणतो आणि मग घालतोच. त्यांच्या संघात एक डॉक्टर आहेत, स्टॉपर खेळतात. मैदानात कुणी पडला की तेच धावत येतात, मग तो त्यांनीच पाडलेला का असेना. कोपनहेगनला २०२१ च्या युरोमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन हृदय बंद पडून मैदानात कोसळला ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. तेव्हापासून नोंदणीला ईसीजीचा कागद जोडायचा हा नियम डॉक्टरांनीच घालायला लावला, आणि एकानंही कुरकूर केली नाही. ती मॅच आम्ही कॉर्नरवरच्या एका धक्क्याच्या गोलवर १-० नं काढली. सासुरवाडीला त्या आठवड्यात गेलो नाही.

उपांत्य सामना मात्र सांगायलाच पाहिजे, कारण बाद पद्धत काय करते ते त्या मॅचमध्ये होतं.

आदल्या रात्री वळीव झाला. सकाळी मैदानात अर्ध्या भागात चिखल, गोलसमोर डबकं. फक्कीच्या रेषा वाहून गेल्या होत्या, त्या परत मारता मारता सात वाजले. दुसऱ्या हाफात १-१ झाले आणि शेवटची पाचेक मिनिटं उरल्यावर दोन्ही बाकांवर एकच कुजबुज चालू झाली. टायब्रेकर. आता इथं एक नियम आहे जो टीव्हीवर मॅच बघणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पेनल्टी कोण मारू शकतो? शेवटची शिट्टी वाजली तेव्हा जे मैदानात होते तेच. बाकावरचा नाही. मोठ्या मॅचमध्ये जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटाला खास पेनल्टीसाठी माणूस आत आणतात तो याच्यासाठी. आमच्यात तर बदल कितीही करता येतात, त्यामुळं शेवटची दोन मिनिटं सगळ्यांची दमछाक पायांपेक्षा हिशेबात होते.

आमच्याकडं पेनल्टीला आण्णा आहेत. वय बावन्न, मंडईत भाजीचा गाळा. उजव्या गुडघ्याची गादी झिजलेली, डॉक्टरांनी पळू नका सांगितलंय. म्हणून ते पळत नाहीत. सगळी मॅच खुर्चीवर बसून पंचांना मामा, मामा करत असतात आणि टायब्रेकरची चाहूल लागली की गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळायला घेतात. ते गुंडाळायला लागले की आम्हाला घड्याळ बघावं लागत नाही. समोरच्यांनाही नाही, हीच अडचण.

आण्णा मध्यरेषेपाशी जाऊन उभे राहिले. पण बदल करायचा तर खेळ थांबायला पाहिजे, बॉल बाहेर जायला पाहिजे. समोरच्या बाकावरून कुणीतरी ओरडला, “बॉल भाईर घालवू नका रं!” आणि तिथून पुढं जो खेळ झाला तो मी जन्मात विसरणार नाही. ज्या संघाला सकाळपासून सलग तीन पास जमले नव्हते ते बार्सिलोनासारखे खेळायला लागले. बॅककडून हाफकडं, हाफकडून परत बॅककडं, बॅककडून गोलीकडं. चिखलात बॉल अडकला की चौघं धावत जाऊन पायानं उचलून परत मागं. पुढं जायचं नावच नाही. आमचे फॉरवर्ड त्यांच्यामागं धावून धावून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आण्णा बाहेरून शांतपणे म्हणतात, “अरं, घ्या की कुणीतरी.” शेवटी आमच्या लेफ्ट बॅकनं जीव खाऊन मुसंडी मारली, बॉल मिळवला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा बॉल आमच्याकडं आलाय, समोर मोकळं मैदान आहे, याचा जराही विचार न करता तो असा उडवला की कंपाउंडवरून थेट रस्त्यावर. बाहेर रिक्षाचा ब्रेक करकचून वाजला.

पंचांनी घड्याळ बघितलं. आण्णांनी एक पाय रेषेच्या आत टाकला, मग दुसरा. बदली खेळाडू आत आला की बदल पुरा झाला, तिथून तो मैदानातला खेळाडू. दुसऱ्या बॉलनं थ्रो झाला आणि शिट्टी वाजली. त्यावरून दहा मिनिटं वाद. “मामा, टाइम आधीच झालता!” “मामा, ह्यो चालत आला, ह्येला खेळाडू म्हनायचं?” पंच आमच्यापेक्षा लहान, बत्तीस-तेहतीसचा पोरगा, पण खंबीर. म्हणाला, “काका, घड्याळ माझ्याकडं आहे.”

पेनल्टीचा ठिपका वाहून गेलेला. त्यानं गोलरेषेपासून परत मोजला, अकरा मीटर, आणि बुटाच्या टाचेनं खूण केली. चौथ्या पेनल्टीपर्यंत ३-३. आमची हुकलेली एक आमच्या सगळ्यात तरुण माणसाची, नुकताच चाळीस पुरा केलेला. त्यांच्या पाचव्यानं बॉल बारवर हाणला. आता आण्णा. बॉल उचलला, स्वतःच्या जर्सीला पुसला, चिखल काढला, परत ठेवला. दोन पावलं मागं, तिसरं नाही. गोली उजवीकडं झुकतोय का बघितलं आणि बुटाच्या आतल्या बाजूनं बॉल त्याच्या डावीकडं, जमिनीलगत, इतका हळू सोडला की गोली पडून, वळून, हात लांब करून बघत राहिला. ४-३.

१९७० च्या आधी टायब्रेकर नियमात नव्हता. १९६८ च्या युरोत इटली आणि सोव्हिएत युनियनची उपांत्य मॅच नेपल्सला ०-० राहिली तेव्हा चक्क नाणं उडवून निकाल लावला, इटली गेली फायनलला. त्या काळी आमचे आण्णा बिनकामाचे ठरले असते. आणि साखळीत? साखळीत १-१ म्हणजे एकेक गुण, हस्तांदोलन, चला चहाला. आण्णा मंडईतच राहिले असते. बावन्न वर्षांच्या, पळता न येणाऱ्या माणसाला जी स्पर्धा दोन मिनिटांसाठी का होईना अटळ करून टाकते ती मोडायची आणि गुणतक्ता आणायचा, हे मला पटत नाही.

फायनल आम्ही ३-० नं हरलो. जिंकणाऱ्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल होती, आमच्यापेक्षा एक मॅच कमी खेळलेले. कारण म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं.

आणखी एक. आपल्याकडचा फुटबॉलच मुळात बाद पद्धतीवर वाढलाय. सिमल्याचा ड्युरंड १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, कलकत्त्याची आयएफए शील्ड १८९३ ची. मोहन बागाननं १९११ ला गोऱ्या पलटणीला २-१ नं हरवलं ते शील्डच्या फायनलमध्ये. साखळीच्या दुसऱ्या आठवड्यात हरवलं असतं तर आज कुणाला आठवलं असतं का? देशपातळीवरची राष्ट्रीय लीग चालू व्हायला १९९६ उजाडावं लागलं. आमच्या पिढीनं गॅलरीत बसून जे बघितलं, ज्याच्यावर भांडलो, ज्याच्यासाठी शाळा बुडवली ते हेच, आज हरला की संपलं. चाळिशीनंतर अचानक गोलफरक मोजायला बसायची हौस कुठून आली कळत नाही.

साखळीवाल्यांमध्ये जे समजूतदार आहेत त्यांनी मधला मार्ग काढलाय. पहिल्याच मॅचला हरतील त्यांची वेगळी छोटी बाद स्पर्धा, वेगळी ढाल. म्हणजे फी भरलेल्या प्रत्येकाला निदान दोन मॅच. सोळा संघ आले तर पहिल्या फेरीतले आठ पराभूत, त्यांच्या सात मॅच, मूळ पंधरा, झाल्या की पुन्हा बावीस. मग साखळीत वाईट काय होतं, असं मला खजिनदारांनी विचारलं. फरक आहे. यातली एकही मॅच अशी नाही की जी हरली तरी चालते, आणि हरलेला संघ मैदानात यायचा कंटाळा करणार नाही कारण त्याला अजून काहीतरी जिंकायचंय. मला ही ढाल मनापासून आवडलेली नाही, पण साखळीपेक्षा बरी. मैदान तेवढे रविवार मिळत असेल आणि शाळेची ना नसेल तर माझं मत ढालीला.

अटी दोनच. आई आली तरी वयाला कागदच लागेल. आणि ढालीच्या फायनलला हलगी लावायची नाही, हलगी एकाच मॅचला.